मिस्त्रीचा पूर

यंत्रशाळेत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. हातात थापी ना ओळंबा. शास्त्रज्ञांचे प्रोग्रॅम महासंगणकावर चढवून चालते करायचे, हाच त्याचा धंदा. स्वतःचा म्हणावा असा त्याचा एकच प्रोग्रॅम, नदीला पूर किती चढेल ते सांगणारा. तरुणपणी लिहिलेला. बायको म्हणायची, "पोरांना एवढं जपलं असतं तुम्ही, तर फौजदार झाली असती."

मग नवं मशीन आलं. मोठ्या मॅडमनी सांगून टाकलं, जुनं महिनाअखेरीला बंद. तोवर जो प्रोग्रॅम नव्यावर जुन्यासारखीच उत्तरं देईल तो राहील, बाकीचे मोडीत.

मिस्त्रीने पूर नव्यावर चढवला. पाणी थेट डोंगरमाथ्यावर! पुन्हा चालवला, तर नदी कोरडी ठाक.

"मशीनच खुळं आहे," मिस्त्री म्हणाला.

"बाकीच्यांचं चाललंय की. अंगण वाकडं म्हणू नका, मिस्त्री," मॅडम म्हणाल्या.

प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरचे वेग वाढवणारे सगळे पर्याय त्याने बंद केले, तयार गणितांच्या लायब्रऱ्या बदलल्या. पाणी ऐकेना. महिना सरला. जुन्या मशीनच्या वायरी कापल्या, कपाटं भंगारात गेली.

ताडून बघायला काही उरलं नाही, तेव्हा कुठे तो आपलंच लिहिलेलं ओळीओळीने वाचायला बसला. आणि सापडलं. जमिनीत आधी मुरलेलं पाणी शून्य धरायचं, ही ओळच त्याने लिहिली नव्हती. जुनं मशीन काम देण्याआधी मेमरी आपणहून पुसून द्यायचं; सासूने गुपचूप भांडी घासावीत आणि सुगरण सून ठरावी, तसं. नवं मशीन मागच्या प्रोग्रॅमच्या आकड्यांचं खरकटं तसंच पुढे सरकवायचं, आणि प्रोग्रॅम त्यालाच पाणी समजायचा.

ओळ घातली. नदी नदीसारखी वाहिली.

"मॅडम, बसलं!"

"जुन्याशी जुळतंय?"

"ताडायला जुनं काही ठेवलंच नाही," मिस्त्री म्हणाला. पुराचा आकडा वर कळवला की पावसाच्या नोंदींसकट बाकीचं तो पुसून टाकायचा. शेजारच्या खोलीत जुनं मशीन होतंच, हवं तेव्हा विचारावं. दारात विहीर असताना रांजण कोण भरतो?

"मग कशाशी ताडू मी? उद्या गाव बुडालं, तर लोक तुमच्या शब्दावर तरंगतील का?"

पुराचा दुसरा, विकतचा प्रोग्रॅम आला, ताडायच्या उत्तरांसकट. तो नव्या मशीनवर चढवायचं काम अर्थातच मिस्त्रीकडे. पहिल्याच फेरीत बसला.

घरी बायकोने विचारलं, "झालं का तुमचं ते पुराचं?"

"झालं. चांगलं चालतंय."

"बघा! उगीच जिवाला लावून घेतलं होतंत."

"हो," म्हणून त्याने ताट पुढे ओढलं.