भिंतीवरचा उजेड

समोरच्या भाडेकरूचं नाव मी अजून विचारलेलं नाही. मुद्दामच. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात त्याची जुनी गाडी माझ्या नव्या गाडीला खेटून उभी असते.

परवा दिवेलागणीला तो हेडलाईटला जास्त उजेडाचे बल्ब बसवत होता. काचेला बोट लागू नये म्हणून त्यानं बल्ब चक्क बायकोच्या पदरात धरला. पदर ओढला गेला की ती हसायची. मग ती आत बसून लाईट लावू लागली आणि हा भिंतीवरचा उजेड बघत दिव्याचा रोख जुळवायचा स्क्रू पिळू लागला.

"लाव! डीपर मार! आता बंद!" आवाज भांडल्यासारखा, पण दोघंही खुशीत.

मला बघून म्हणाला, "एकट्याचं काम न्हाय हे. आत कुणीतरी बसाय पाहिजे की!"

माझे बल्ब मी एकट्यानंच बदलले होते, हातमोजे घालून, गाडीत आत-बाहेर करत.

माझं डोकंच फिरलं. बॉनेट उघडून मी चांगला चालणारा बल्ब काढला आणि वर हाक मारली, "अगं, जरा खाली येतेस का? लाईट लावायचाय."

बायको खिडकीतच उभी होती. म्हणाली, "समोरच्यांना सांगा की. मघापासून बघतेय, किती छान करतायत दोघं!"