राखराणी घ्यावी की नाही

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी माघारी ब्रेकबाई म्हणायचे, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. रागवावं असं त्यात काही नव्हतंच. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. एकोणीस वर्षं बाई शेजारच्या सीटवर बसून त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून होत्या. त्यांच्या उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या कितीतरी आधी झिजायचा. बूट शिवणारा विचारायचा, "बाई, तुम्ही लंगडी घालत येता की काय कामाला?"

एकोणीस वर्षांत गाडीला एक ओरखडासुद्धा आला नव्हता. बाईंना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

मोबाइलवरच्या लढाईच्या खेळाचं खूळ त्यांच्या डोक्यात भरवलं धाकट्या बहिणीनं. धाकटी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवायची. दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या रिकाम्या अर्ध्या तासात ताई गाडीत नुसती बसून जांभया देते, हे तिला बघवेना. एक दिवस तिनं ताईचा फोन घेतला, खेळ उतरवून दिला, आणि वर स्वतःच्या टोळीत तिचं नावही घातलं. बारा जणांची टोळी. या दोघी बहिणी सोडल्या, तर कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. टोळीचा म्होरक्या फ्रिज दुरुस्त करायचा. त्याचा आवाज एवढा भारदस्त, की निरोप ऐकताना फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागायचा.

खेळ सोपा होता. पाच लढवय्यांची फळी उभी करायची, समोरच्याची फळी पाडायची. कोणी ढाल धरतो, कोणी बाण मारतो, आणि एक वैदीण असते. तिचं हिरवं बटण दाबलं की ती जखमी साथीदाराला औषध देते. बाई खेळायला तशा बेताच्याच होत्या, पण एका बाबतीत टोळीत त्यांचा शब्द चालायचा. नवा हीरो आला की बाकीचे त्याचा मुकुट, पंख आणि तलवार बघून भुलायचे. बाई मात्र विचारायच्या, "हा पडतो कधी?" त्यांच्या नकारामुळे टोळी दोनदा तोंडघशी पडता पडता वाचली होती.

अशात राखराणी आली.

टोळीत नुसता गलका उडाला. राखराणीच्या एका घावात पहाड फुटावा, इतका जोर. पण गोम अशी होती, की प्रत्येक घावाला तिचा स्वतःचा दहावा हिस्सा जीव जळायचा. जीव निम्म्याच्या खाली गेला की घावाचा जोर तिप्पट. आणि ती मेली, तर तिच्या राखेचा भडका उडून आपल्याच साथीदारांचा निम्मा जीव जायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असलं प्रकरण. टोळीला तीन महिन्यांतून एक सोन्याची किल्ली मिळायची आणि तिनं एकच हीरो उघडता यायचा. तिथं चुकलं, की पुढचे तीन महिने हात चोळत बसायचं.

म्होरक्याचा निरोप आला. "ताई, पोरं पेटलीत नुसती. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय किल्ली लावणार नाही. बघा आणि सांगा."

धाकटी हसून म्हणाली, "त्यात बघायचंय काय? ताई नाहीच म्हणणार. ती लिफ्टमध्येसुद्धा कठडा धरून उभी राहते."

हे बाईंना लागलं. न बघताच नाही म्हणणाऱ्यातली मी नाही, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

सरावाच्या मैदानात कुठलाही हीरो उसना घेऊन खेळता यायचा. चार दिवस दुपारच्या वेळी बाईंनी झाडाखाली गाडी लावली, चारही काचा खाली केल्या आणि डबा मांडीवर घेऊन राखराणीला लढवलं. कधी पुढे उभी केली, कधी मागे. कधी तिला मुद्दाम औषध पाजलं, कधी तशीच जळू दिली. साठ लढाया केल्या. अडतीस जिंकल्या, बावीस हरल्या. मग त्या हरलेल्यांच्या मागे लागल्या. कुठलाही अपघात ठोकर बसते तिथं होत नाही, त्याच्या दोन वळणं आधीच झालेला असतो, असं त्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगायच्या.

आणि चौथ्या दिवशी, डब्यातला शेवटचा घास हातात तसाच राहिला असताना, त्यांना ते वळण सापडलं. बावीसपैकी सतरा लढाया औषधानं हरवल्या होत्या! राणीचा जीव खाली गेला की माणूस घाबरतो आणि वैदिणीचं बटण दाबतो. जीव निम्म्याच्या वर चढतो, तिप्पट जोर जातो, लढाई लांबते, राणी जळतच राहते, आणि शेवटी सगळे दमलेले असताना मरून सगळ्यांना घेऊन जाते. तिला तशीच सोडली, तर त्या शेवटच्या तीन-चार घावांत समोरची फळी साफ.

संध्याकाळी त्यांनी टोळीला सविस्तर लिहून पाठवलं. राणी जरूर घ्यावी. तिच्याबरोबर दोन ढालकरी उभे करावेत. खेळ आपोआप चालू ठेवून चहा प्यायला जाऊ नये. आणि काहीही झालं तरी तिला औषध देऊ नये. "ती मरेल या भीतीनंच ती मरते," असं शेवटचं वाक्य त्यांनी टाकलं आणि ते स्वतःलाच इतकं आवडलं, की नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

नवरा रंगकाम करायचा. केसांतला पांढरा रंग टॉवेलानं घासत तो म्हणाला, "छान आहे. कोणाची बायको ही राणी?"

टोळी मात्र थक्क झाली. ताई हो म्हणाल्या म्हणजे आता विचारायलाच नको! किल्ली लागली, राणी उघडली. दर रविवारी चारला दुसऱ्या टोळीशी सामना व्हायचा, त्यात प्रत्येकानं एकेक लढाई खेळायची. या वेळी राणीला कोणी खेळवायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. जिनं साठ लढाया केल्या, तिनंच.

रविवारी बाईंनी हात धुऊन, चष्मा पुसून, फोन टेबलावर उशीला टेकवला. शेजारी धाकटी बसली. सामना सुरू झाला. बाकीच्यांच्या लढाया बरोबरीत सुटल्या आणि सगळी भिस्त या एका लढाईवर येऊन पडली. राणीचा पहिला घाव, दुसरा, तिसरा. सगळं लिहिल्याबरहुकूम. पाचव्या घावाला जीव निम्म्यावर आला. सहाव्याला खाली गेला, राणीच्या अंगावर लाल ठिणग्या उडायला लागल्या, आणि समोरचे दोन गडी एका घावात आडवे झाले.

"ताई, झालंच! आता फक्त—"

तेवढ्यात समोरच्या तिरंदाजाचा एक बाण राणीला लागला. जीवाची पट्टी नखाएवढी उरली. आणि बाईंचा अंगठा हिरव्या बटणावर पडला.

विचार नाही, काही नाही. टेबलाखाली उजवा पायसुद्धा जमिनीत रुतला होता. राणीचा जीव चढला, ठिणग्या विझल्या. पुढचं सगळं बाईंनी स्वतःच लिहून पाठवलं होतं. चार मिनिटांनी भडका उडाला आणि पडद्यावर त्यांच्याकडचं कोणी उरलं नाही.

धाकटी न राहवून म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

"पुढचं म्हणू नकोस," बाई म्हणाल्या.

टोळीत कोणी एका शब्दानं बोललं नाही, हे जास्त झोंबलं. म्होरक्याचा निरोप आला तोही चक्क हळू आवाजात. "होतं असं, ताई." फ्रिज दुरुस्त न होता परत द्यावा लागला की तो याच आवाजात बोलत असणार, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीकाकांचा तास होता. काका एकसष्ट वर्षांचे. शिवणाचं दुकान मुलीच्या हाती सोपवून गाडी शिकायला आले होते. तीन महिने झाले तरी ते शिकतच होते. त्या दिवशी बाईंचं लक्ष नव्हतं. चौकाजवळ एक सायकल आडवी आली, अजून चांगली लांब होती, आणि गाडी कच्चकन थांबली.

"बाई," काका स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाले, "राग मानू नका, पण एक विचारू?"

"विचारा, काका."

"मी आता ब्रेक दाबणारच होतो. रोजच दाबणार असतो. पण तुमचा पाय आधी पोचतो. मग मला जमतंय की नाही, हे मला कळायचं कधी? कात्री मी हातात दिल्याशिवाय माझ्या मुलीला कापता आलं असतं का?"

मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा बाई भानावर आल्या. हसूही येत होतं आणि कान गरमही झाले होते. साठ लढाया तपासल्या, ढालकरी तपासले, औषध तपासलं, पण खेळवणारा हात तपासायचा राहूनच गेला होता. सरावात हरलं तर कोणाचं काही जात नाही, म्हणून अंगठा शांत होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"चला काका," त्यांनी उजवा पाय उचलून बाजूला घेतला, "घ्या पुढे."

काकांनी गाडी घेतली. पुढच्या सिग्नलला जरा उशिरा, पण थांबवलीही. बाईंना एवढ्यात घाम फुटला होता, ती गोष्ट वेगळी.

दुपारी त्यांनी टोळीला पाठवलेल्या टिपणात एक कलम वाढवलं. "ज्याचा हात न विचारता औषधाकडे जातो, त्यानं राखराणी खेळवू नये. उदाहरणार्थ, मी." आणि खाली सुचवलं, की पुढच्या रविवारी राणी धाकटीच्या हातात द्यावी.

धाकटी दुकानातून तरातरा आली. "माझं नाव का घातलंस? मी कधी एवढा मोठा सामना खेळले नाहीये!"

"तुझ्या दुकानात ती एक बाई आली होती ना, दोन तास एकवीस फ्रेमी घालून बघितल्या आणि पहिलीच घेऊन गेली? त्या दोन तासांत तू किती वेळा मधे बोललीस?"

"एकदाही नाही. मधे बोललं की गिऱ्हाईक पळतं."

"मग झालं तर."

रविवारी चार वाजता पुन्हा दोघी त्याच टेबलाशी. या वेळी फोन धाकटीच्या हातात आणि बाईंचे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती घट्ट. सहावा घाव झाला, ठिणग्या उडाल्या. राणीला एक बाण लागला, मग भालाही लागला. पट्टी केसाएवढी उरली. बाईंच्या घशातून एक बारीक आवाज निघाला.

"ताई, आवाज नको," धाकटी शांतपणे म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर गिऱ्हाइकानं अकरावी फ्रेम मागितल्यावर असतो तोच भाव होता. हिरव्या बटणाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ढालकऱ्याला पुढे सरकवलं, पुढचा बाण त्याच्या ढालीवर घेतला, एक श्वास थांबली, आणि मग राणीचा घाव टाकला. समोरची अख्खी फळी एका फटक्यात कोसळली.

बाई एवढ्या जोरात ओरडल्या, की आतून नवरा हातात ब्रश घेऊन धावत आला. "काय पडलं? काय पडलं?"

"समोरचे पडले!" चहा टेबलभर सांडला होता आणि दोघी बहिणी त्यातच कोपरं टेकून हसत होत्या. फोनवर म्होरक्याचा निरोप वाजत होता. तो काय बोलत होता ते कोणालाच नीट कळलं नाही, कारण मागे कोणाचातरी फ्रिज घरघरत होता आणि तो आनंदानं त्याच्यावर थापा मारत होता.

राखराणी त्या टोळीत अजून आहे. धाकटीच तिला खेळवते. तीन लढायांतल्या दोन ती जिंकून देते आणि तिसरीत सगळ्यांना जाळून टाकते. बाई म्हणतात, एवढं चालायचंच. आताशा त्यांच्याकडे दुसऱ्या टोळ्यांचेही निरोप येतात, अमुक हीरो घ्यावा का म्हणून. बाई उलट पहिल्यांदा एवढंच विचारतात, "खेळवणार कोण? त्याला फोनवर द्या बघू."