माजघरातला आखाडा

कर्जतच्या आमच्या तालमीच्या छपराला एकोणीस वासे होते. ही माहिती सबंध गावात फक्त मला होती. ज्यांना कुस्ती येत होती त्यांच्यावर वर बघायची वेळच येत नसे. मी मात्र दहा वर्षं नेमाने उताणा पडत होतो, आणि उताण्या माणसाला दुसरं काम काय! सातवा वासा किडका होता. बाराव्यावर चिमणीचं घरटं होतं.

या तालमीचे वस्ताद आणि आमच्या शाळेचे मास्तर हे एकच गृहस्थ: सदूमास्तर. मूळचे घाटावरचे, साताऱ्याकडचे. सकाळी तालीम, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा तालीम. दोन्हीकडची विद्या त्यांच्या डोक्यात एकाच कप्प्यात ठेवलेली असे. शाळेत विचारायचे, "वजाबाकी म्हंजे काय रं? समोरच्याचा पाय त्याच्याखालनं काढून घ्यायचा! खाली उरला काय? ढुंगण!" (हे त्यांनी एकदा तपासणीला आलेल्या साहेबासमोरही सांगितलं. साहेब हसला, म्हणून वाचलो.) आणि तालमीत भूगोल! "घाट चढताना गाडीला इंजिन मागनं लावत्यात का न्हाई? मग तसं कमरंनं मागनं रेट! हातानं काय वढतोस, लेका?"

मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि त्यांनीच खटपट करून मला त्याच शाळेत चिकटवलं. कुस्ती मला कधीच आली नाही, पण तालमीतून त्यांनी मला कधी घालवलं नाही. "समदेच पाडणारे झाले तर पडायचं कुणी?" असं म्हणत आणि माझ्या पाठीवरची माती स्वतःच्या हाताने झाडत. या माणसावर माझा फार जीव होता. म्हणून तर पुढचं सगळं माझ्याच हातून व्हावं, याचं आजही वाईट वाटतं.

त्या वर्षी मास्तर पेन्शनीत निघाले. नागपंचमीच्या कुस्त्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या गावी कायमचं जायचं, असं ठरलं. या कुस्त्या त्यांनीच सुरू केलेल्या. खालापूरची तालीम दरवर्षी यायची. या शेवटच्या खेपेसाठी मास्तरांनी महिनाभर माती तयार केली. तालमीची माती म्हणजे अंगणातून उचलली आणि टाकली असं नसतं. चाळून चाळून पिठासारखी करायची, मग त्यात ताक, तिळाचं तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर, आणि रोज पायाने मळायची. मास्तर रोज मूठभर उचलून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "भास्करा, ही माझी कर्जतातली शेवटची माती. हिच्यावर कुस्त्या झाल्या की मी सुटलो."

आणि श्रावणात तालमीची कौलं सरकली! आखाड्यात धार लागली. मी उत्साहाने म्हणालो, "मास्तर, माती आमच्या पडवीत ठेवा. मी जीव लावून सांभाळतो."

आता घरची बाजू. माझं नुकतंच लग्न झालेलं. पुढच्या मंगळवारी आमच्या हिची मंगळागौर आमच्याकडे होती, आणि माजघराची जमीन घुशींनी पोखरून ठेवलेली. आमच्या घरात आत्याचं राज्य. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यापासून घर तिच्या आवाजावर चालत असे. तिने फर्मान काढलं, "भास्कर, या खड्ड्यांत फुगड्या घातल्या तर निम्म्या बायकांचे पाय मोडतील! जमीन नवी करून हवी." मी पळसदरीच्या एका गाडीवानाला गाडीभर माती आणायला सांगितलं आणि आत्याला म्हणालो, "माती पडवीत येऊन पडेल. आली की माजघरात घालून घे."

मास्तरांना सांगितलेलं आणि आत्याला सांगितलेलं, दोन्ही वाक्यं बरोबर होती. चूक एवढीच की ती मी दोन वेगळ्या माणसांना सांगितली. आणि लगेच खालापूरला कुस्त्यांचं आमंत्रण द्यायला निघून गेलो! तिकडे पावसाने दोन दिवस अडकलो. इकडे ओढ्याला पाणी आलं, पळसदरीची गाडी निघालीच नाही, आणि तालमीच्या पोरांनी मास्तरांची माती टोपल्यांनी वाहून आमच्या पडवीत नीट रचून ठेवली.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी भिजून घरी आलो, तर माजघरात आत्या पदर खोचून उभी. दोन गडी जमीन चोपताहेत. आत्या खुशीत!

"अरे, माती कुठून आणलीस? लोण्यासारखी आहे हो! एक खडा नाही. आणि हळदीचा वास येतो!"

"मातीची पारख लागते, आत्या," मी म्हणालो. (हे वाक्य मी बोललो. लपवत नाही.) नव्या बायकोवर छाप पाडायची म्हणून गड्याच्या हातातलं चोपणं घेतलं आणि तासभर स्वतः जमीन चोपली. कापराचा वास नाकात जात होता. मास्तरांची माती कुठे आहे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला वाटलं, कौलं शाकारून झाली असतील, माती तालमीतच असेल. आत्या म्हणाली, "उद्या सण आहे. सारवायचं परवा बघू, तोवर बसू दे जमीन."

जमीन बसली नाही. पहाटे मांजर माजघरातून गेलं, त्याची चारी पावलं उमटली. आत्या त्याच्यामागे धावली, तिची दोन उमटली. "मेली ही माती आहे की कणीक?" आत्या ओरडली. एवढ्यात ओटीवर मास्तरांचा आवाज आला.

"भास्करा! माती न्यायला आलोय. कौलं झाली रं! पोरं टोपल्या घिऊन येत्यात."

मी पडवीत आलो. पडवी रिकामी. मास्तरांनी रिकाम्या पडवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग नाक वर करून वास घेतला. वासाच्या मागोमाग ते माजघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. वाकून चिमूटभर माती बोटांत घेतली आणि तसेच उभे राहिले.

"ही कुणी घातली?"

"आत्याने घातली. मी... मी चोपली."

"तू चोपलीस?" मास्तर हळूच म्हणाले. "धा वर्सं या मातीत पडलास की रं. वळखली न्हाईस?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरून आले आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी न पाडताच खाली पडावंसं वाटलं.

"आत्ता खणून काढतो, मास्तर!" मी कुदळ आणायला धावलो. परत आलो तर माजघराच्या दारात आत्या हात पसरून आडवी उभी!

"नागपंचमी आहे आज! आज जमिनीला कुदळ लावायची नाही. लावायचीच असली तर आधी माझ्या डोक्यात घाल!"

"अगं, पण आत्या, खालापूरची माणसं वाटेत आहेत!"

"येऊ देत. पातोळ्या खाऊन जातील. पण कुदळ नाही, फावडं नाही, विळा नाही, नखसुद्धा लावायचं नाही आजच्या दिवशी!"

तिचं म्हणणं कुणाला खोडता येईना. मास्तर स्वतः नागपंचमीला झाडाचं पान तोडत नसत. ते ओटीवर जाऊन बसले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे, भास्करा. न्हाई तर न्हाई." आणि धोतराच्या सोग्याने हात पुसत राहिले. पंचवीस वर्षांची तालीम, आणि शेवटचा दिवस माझ्या माजघरात चोपून बसवलेला! ही स्वयंपाकघराच्या दाराआडून माझ्याकडे अशी बघत होती की, मी नजर खाली घातली. खाली तीच माती!

मग मास्तर एकदम उठले. उंबऱ्याशी आले. उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर टेकवून दाबला. अंगठा पेरभर आत गेला. तेल आणि ताक प्यालेली माती, ती घट्ट कसली होते!

"आत्याबाई," मास्तर म्हणाले, "कुदळ नगं. फावडं नगं. नख नगं. आन् पाय?"

आत्या विचारात पडली. बराच वेळ पडली. शेवटी म्हणाली, "पायाचं काही सांगितलेलं नाही."

"झालं तर मग! कुस्त्या हितंच."

"हितं म्हणजे? माझ्या माजघरात? लंगोट लावून?" आत्याचा आवाज आढ्याला लागला. या माजघरात परका पुरुष म्हणून आजवर फक्त वैद्य आला होता, आणि तोसुद्धा मान खाली घालून! पण तिने मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं. "सुने, चल स्वयंपाकघरात. दार लावून घे," एवढंच म्हणाली. दार लागलं. अर्धी वीत फट राहिली. (ती फट दिवसभर बुजली नाही. उलट रुंदावत गेली.)

दहा वाजेपर्यंत खालापूरचे नऊजण चिखलाने माखलेले आले. त्यांचे वस्ताद ओटीवरून आत डोकावले आणि थबकले.

"मास्तर, आखाडा कुटं हाय?"

"ह्यो काय!"

"ह्यात तर खांब हाय!"

खांब होता खरा, माजघराच्या बरोबर मधोमध. त्याला घरातल्या सातही गोधड्या गुंडाळल्या. फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या आत्याने फटीतून एकेक करून आत ओढून घेतल्या. हलगीवाला ओटीवर बसला. उजेड कमी म्हणून भरदिवसा दोन कंदील टांगले. पोरांनी पायाने माती मोकळी केली. भिंतीवर गंधाने काढलेला नाग, त्याच्यापुढे दूध-लाह्या, आणि समोर शड्डू ठोकणारे पैलवान! पहिला शड्डू ठोकला तेव्हा फळीवरची ताटं खाली आली.

आमच्या बाजूचा हुकमी गडी काळू. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला, वर माथेरानला साहेबांच्या रिक्षा ओढायचा. तो अंगणातच पावसात उभा राहिला.

"काळू, आत ये की रं!"

"मास्तर, बामनाच्या घरात मी कसा येऊ? आमी भायेरच बरं."

मास्तर काही बोलायच्या आत फटीतून आत्याचा आवाज आला, "अरे, आता माझ्या माजघरात बारा गावचे लंगोट नाचताहेत, तू एकट्याने काय पाप केलंस? पाय पुसून आत ये!" काळूने पाय पुसले, वाकून मातीला हात लावला आणि आत आला.

"पयली सलामीची कुस्ती," मास्तरांनी पुकारलं, "घरमालकाची!"

मी एक पाऊल मागे सरलो. "मास्तर, मी? अहो, दाराआड ही आहे!"

"म्हणूनच! चोपायला पुढं झालास न्हवं? आता उतर."

समोर खालापूरचा एक गडी, माझ्या दीडपट. मी शड्डू ठोकला. फटीतून बांगड्यांचा आवाज आला. मी तिकडे नुसती मान वळवली, आणि पुढच्या क्षणी माझ्या आणि आढ्याच्या मध्ये काहीच नव्हतं! पाठ मातीला लागली मात्र, आणि मला लख्ख कळलं: हीच ती माती! तोच गारवा, तोच मऊपणा. तासभर चोपून जी हातांना कळली नाही, ती पाठीला एका दमात कळली. मी पडल्या पडल्या ओरडलो, "मास्तर, ओळखली!" सगळं माजघर हसलं. मास्तरही हसले, सकाळपासून पहिल्यांदा.

शेवटची कुस्ती काळूची. त्याच्यासमोर खालापूरचा नामांकित पैलवान. अर्धा तास दोघं खांबाभोवती फिरत राहिले. कधी हा खांबाआड, कधी तो. सातपैकी तीन गोधड्या सुटून पायांत आल्या. मास्तर ओरडत होते, "इंजिन, काळू! मागनं इंजिन लाव!" एवढ्यात स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं आणि आत्या, हातात पातोळ्यांचं ताट घेऊन, ओरडली, "अरे, बघतोस काय! पाय धर त्याचा! पाय!"

काळूने पाय धरला. वजाबाकी झाली.

काळूला खांद्यावर घेऊन पोरं नाचायला लागली आणि दोन कौलं फुटली. खालापूरच्या वस्तादांनी मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. आत्याने सगळ्यांना ओळीने पातोळ्या वाढल्या, काळूला चार जास्त. मास्तर उंबऱ्यावर बसून मातीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "आत्याबाई, माती आता हितंच ऱ्हाऊ द्या. पोरींच्या फुगड्यांना चांगली." मंगळागौरीला बायका त्या जमिनीवर फुगड्या घालघालून पडल्या आणि एकीलाही खरचटलं नाही.

नागपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही मास्तरांना स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. घाटासाठी मागचं इंजिन जोडायचं चाललं होतं, म्हणून गाडी थांबलेली. मला त्यांची माफी मागायची होती, पण मी त्यांचं सामानच पुन्हा पुन्हा मोजत राहिलो. मास्तरच खिडकीतून म्हणाले, "कालचं मनात ठिवू नगंस. तू माती वळखणार कशी? तुझं तोंड कायम वर! बरं, घरचे वासे मोजलेस का?"

"मोजले."

"किती?"

"अकरा. मधला किडलाय."

"मग बदलून घे. काल पडलास म्हणून तर कळलं." त्यांनी खिडकीतून हात काढून माझी पाठ झाडली. पाठीवर काही नव्हतं, तरी झाडली. मागून इंजिनाने रेटा दिला आणि गाडी हलली.

पुढे मी त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच खुर्चीवर बसून तीस वर्षं शिकवलं. सगळे मला मान देत, कुणी कधी अंगाला हात लावला नाही. त्यामुळे त्या वर्गाच्या छपराला वासे किती, हे मात्र मला आजतागायत ठाऊक नाही.