जामीन
परवा बँकेत अंगठ्याच्या शाईचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातली, खानापूरच्या डोंगरातल्या एका गावची सभा आठवली. तिथं बायकांचं बचत मंडळ होतं. त्यांची वही लिहायला, अंगठे घ्यायला मी दर महिन्याला बेळगावहून जायची. सभा देवळाच्या कट्ट्यावर भरायची. बौद्धवाड्यातली एकटी सभासद मात्र पायरीखाली, उन्हात बसायची. त्या दिवशी तिनं शेळीसाठी कर्ज मागितलं. नियमाप्रमाणे एकीनं तरी तिला जामीन राहायला हवं होतं. मी दोनदा विचारलं, पण कुणी मान वर करेना. शेवटी ती पदर झटकत उठली. “ऱ्हाऊ दे बाई, न्हाय घेत मी.” तेवढ्यात एक म्हातारी शेतकरीण कट्ट्यावरून हळूहळू उतरली, तिच्या हाताला धरून तिला बसवलं, स्वतःही शेजारी मातीत बसली आणि मला म्हणाली, “लिवा बाई, मी हाय जामीन. आन् तुमी बी खाली या. वही हितंच आणा.” मी उतरले. मागून एकेक करत बाकीच्याही उतरल्या. पुढं शेळी आली, कर्जही फिटलं. पण पाच महिने मी त्याच कट्ट्यावर बसून बायकांना एकीचं महत्त्व सांगत होते आणि खाली उतरायचं मला एकदाही सुचलं नव्हतं, याची लाज अजून वाटते.