खोबरेलात कापूर

मांजरीच्या पोटावरचे केस जायला लागले, तेव्हा घोडपदेवची चाळ सोडून आम्ही शीवला भाड्याच्या घरात आलो होतो. चाळ पाडून तिथे टॉवर होणार आणि तो होईपर्यंत आम्ही बाहेर राहायचं, असं ठरलेलं. घरात आई, मी आणि मांजर. आई म्हणायची, "तिन्ही बायका. भांडायला तरी बरं." पण मी सकाळी ऑफिसला गेले की अंधार पडल्यावरच परत यायचे. दिवसभर बंद दाराआड त्या दोघीच असायच्या, आणि त्यांचं एकमेकींशी कधीच भांडण झालं नाही.

चाळीत दार बंद करायची पद्धत नव्हती. दुपारी कुणी दार लावलं, तर घरात काहीतरी बिनसलंय असं समजून शेजारीण हमखास ठोठावायची. मांजर तर नावापुरतीच आमची. दूध आमच्याकडे, बांगड्याचं डोकं शेजारच्या घरात, झोप गॅलरीच्या टोकाला असलेल्या एका आजोबांच्या खाटेखाली. चाळ रिकामी झाली तसे सगळे पांगले. कुणी बदलापूरला, कुणी विरारला, कुणी थेट गावाला. आजोबांना मुलाने नेलं. मांजर मात्र आईने भाजीच्या पिशवीत घालून शीवला आणली, कारण तिला न्यायला दुसरं कुणी आलं नाही.

तिला नाव नव्हतं. आई तिला "बाय" म्हणायची. आईची मालवणी आता फक्त देवाशी आणि मांजरीशीच उरली होती. "भूक लागली गो बाय तुका? हय ये." माझ्याशी बोलताना ती मुंबईची व्हायची.

खिडकीतल्या उन्हात मांजर उताणी पसरली होती, तेव्हा ते पहिल्यांदा आईच्याच नजरेला पडलं. पोटावर आणि मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला केस विरळ झाले होते. जुन्या सतरंजीचे धागे उडून खालचं कापड दिसतं, तशी गुलाबी कातडी दिसत होती. आईने आधी मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. मी हसले. ती म्हणाली, "हस. तुझी काढायची तेव्हा भोकाड पसरायचीस."

मग ज्याने त्याने कारणं सांगायला सुरुवात केली. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनी दारातूनच निदान केलं, की हे गजकर्ण आहे आणि ते आता त्यांच्या नातवाला होणार. विरारच्या जुन्या शेजारणीने फोनवर सांगितलं, उष्णता झाली असेल, ताक पाजा. आणखी एकीचं म्हणणं, तुम्ही तिला पाकिटातलं खाणं घालता, मासे बंद केलेत, म्हणून. मी ऑफिसात कामाच्या वेळी मोबाइलवर वाचत बसायचे. पिसवा, खरजेचे किडे, बुरशी, खाण्याची अॅलर्जी, थायरॉइड, मूत्राशयाचं दुखणं. पोटात आत दुखत असलं तर मांजर वरून तीच जागा चाटत राहतं म्हणे. वाचता वाचता माझंच अंग खाजायला लागायचं. काहीतरी एक सापडावं, त्याला नाव असावं आणि त्याची गोळी मिळावी, एवढंच मला हवं होतं. कारण मांजरीला काही झालं, तर त्या बंद घरात आई दिवसभर कुणाशी बोलणार?

दादरला एक तरुण डॉक्टरीण आहे असं कळलं. तिथे नेलं. तिने बारीक फणी फिरवून पिसवा शोधल्या. दिवे घालवून निळा दिवा अंगावर धरला. त्यात काही बुरशी चमकते म्हणाली. कातडी खरवडून काचेवर घेतली, रक्त घेतलं, लघवी तपासली. कशातच काही निघालं नाही. आई टेबलाशी उभी राहून मांजरीला पुटपुटत धीर देत होती.

मग डॉक्टरीणबाईंनी माझं बोट धरून त्या विरळ जागेवरून उलटं फिरवलं. "टोकं बोचतात ना? केस मुळातून गळले असते तर कातडी मऊ लागली असती. हे तुटलेले आहेत. ती स्वतःच चाटून चाटून तोडतेय." आणि आईकडे वळून तिने विचारलं, "घरात काही बदललंय का?"

"घरच बदललंय," आई म्हणाली.

गळ्यात घालायला प्लास्टिकचं नरसाळं दिलं, एक गोळी दिली. दुपारी तिच्याशी खेळा, तिला बाहेरचं दिसेल अशी जागा करून द्या, असं सांगितलं. आणि निघताना बजावलं, "वरून कुठलंही औषध लावू नका. ती चाटणार." आईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

टॅक्सीत आईने विचारलं, "म्हणजे काय, हिला वेड लागलंय?"

"वेड नाही गं. तिला करमत नाही."

"मग मला तरी कुठे करमतंय? मी उपटते का केस?"

रोग असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. करमत नाही याला मी काय आणून देणार होते? एका रविवारी मी मुद्दाम घोडपदेवला जाऊन आले. पत्र्यांच्या आड मोठा खड्डा होता आणि त्यात हिरवं पाणी साचलं होतं. काम कुठल्याशा परवानगीत अडकलंय, असं तिथला वॉचमन म्हणाला. मी घरी येऊन आईला सांगितलं, काम जोरात चालू आहे.

मांजर चाटतच राहिली. नरसाळं घातलं की भिंतीला धडकायची आणि मग कोपऱ्यात तोंड करून बसायची. आईला ते बघवायचं नाही, मी ऑफिसला गेले की ती ते काढून ठेवायची. टक्कल पोटावरून कुशीपर्यंत सरकलं. पायाच्या आतल्या बाजूला लाल चट्टे आले. घरी येऊन किल्ली फिरवताना मला आधी जिभेचा तो खरखरीत आवाज ऐकू यायचा. मला घरी जाणंच नको झालं होतं. मी स्टेशनवर चहा घेत उगाच उभी राहायचे.

आमच्या घरात खोबरेल तेलात कापूर घालून ठेवलेली एक वाटी कायम असते. घामोळं आलं, चावलं, खरचटलं, सर्दीने छाती भरली, डोक्यात कोंडा झाला, की आई त्यात बोट बुडवते. मी याच वाटीवर मोठी झाले. आईच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतो ते, मेडिकलमधून आणतात ते. तेल हे औषध नव्हेच. तेल हा आईचा हात. डॉक्टरीणबाईंनी औषध लावू नका म्हटलं होतं आणि आईने ते तंतोतंत पाळलं होतं. आणि दोन्ही वेळा देवापुढे कापूर जाळणाऱ्या आमच्या घरात कापराचा वास वेगळा कळणार तरी कसा?

एका संध्याकाळी आले तर आई जमिनीवर बसली होती आणि मांजर तिच्या मांडीवर थरथरत होती. तोंडातून लाळ गळत होती. खाली ठेवली तर पाय फाकायचे आणि ती कुशीवर पडायची. आम्ही तशीच तिला टॉवेलात गुंडाळून दादर गाठलं. टॅक्सीत आई म्हणाली, "सकाळीच तेल लावलं होतं गं हिला. रोज लावते. लावलं की कशी शांत पडून राहते." तिच्या बोलण्यात थोडी फुशारकी होती. मला तेव्हाही काही सुचलं नाही.

दवाखान्यात आई बाहेर दाराशेजारच्या बाकावर थांबली. आत डॉक्टरीणबाईंनी मांजरीच्या पोटाला नाक लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "कापूर लावलाय?"

मी हो म्हटलं.

"मांजराला तो पचत नाही. कातडीतूनही आत जातो, आणि ही तर चाटत होती. शिवाय वय झालंय." तिने साबण लावून अंग पुसायला घेतलं, सुई तयार केली. "मी करते जे होईल ते. आईंना मी सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "आईला काही कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला, मांजर गेली म्हणून. आम्ही तिला आणायला गेलो, तेव्हा मी आईला सांगितलं की मूत्रपिंडं निकामी झाली होती, म्हातारपण, कुणाच्या हातात काही नव्हतं. आईने टॉवेलची गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली. "मग तेलाने काय गुण येणार होता," ती म्हणाली.

"नव्हताच येणार," मी म्हटलं.

मला त्यात काही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. ज्या हाताने तिने मला वाढवलं, त्याच हाताने मांजर मेली, हे तिला सांगून मी सकाळी ऑफिसला निघून जाणार, आणि ती दिवसभर त्या वाटीसमोर एकटी बसणार. ते माझ्याच्याने झालं नसतं.

त्यानंतर घर फार वाईट झालं. आईची मालवणी बंद पडली. देवाशीसुद्धा ती मनातच बोलायला लागली. संध्याकाळी नुसतं निरांजन लावायची. कापूर संपला असेल म्हणून मी एक पाकीट आणून देव्हाऱ्याशी ठेवलं.

मग माझ्याच डोक्यात कानामागे एक जागा गुळगुळीत लागली. आरशात दिसत नव्हती. आईने केस बाजूला करून बघितलं आणि म्हणाली, "चाई पडलीय. बस खाली."

मी तिच्या पुढ्यात पाटावर बसले. तिने वाटी गरम करून आणली. मी डोळे मिटले आणि त्या वासासाठी मन घट्ट केलं. तिचं बोट डोक्याला लागलं, कोमट, गोल गोल फिरायला लागलं. वास आला तो नुसत्या खोबऱ्याचा.

"कापूर संपला का?" मी विचारलं.

"आहे की. तू आणलेलं पाकीट तसंच आहे."

"मग घातला नाहीस?"

तिचं बोट थांबलं नाही. ती म्हणाली, "त्या दवाखान्याचं दार नीट लागत नाही."

मी मागे वळायला गेले. तिने दोन्ही हातांनी माझं डोकं सरळ धरून ठेवलं.

"हलू नको," ती म्हणाली. "तेल डोळ्यात जाईल."