दोरी कोण ओढणार?

बंदरावर लहानथोर सगळे तिला वहिनी म्हणत. नवरा सगळ्यांचा दादा होता, म्हणून ही वहिनी. दादा जाऊन काळ लोटला, पण कॅलेंडर उतरवल्यावर भिंतीत खिळा राहतो तसं हे नाव मागे राहिलं.

कुणी होडीसाठी इंजिन घ्यायला निघालं, की वहिनी बोलावणं नसताना दुकानात हजर. ती काही मेकॅनिक नव्हती. तिची परीक्षा एकच: होडीवर जाणाऱ्यांत जो सगळ्यात अशक्त, त्याला पुढे करायचं आणि दोरी ओढायला लावायची. त्याच्या हाताने सुरू झालं तर इंजिन भरवशाचं. लोक मागून हसत, "आली वहिनी! आता घरातल्या म्हातारीला घेऊन या." हसत, पण घेऊन येत.

आज तिच्या धाकट्या दिराची पाळी होती. त्याने नवी होडी बांधली होती आणि बायकोला सोबत घेऊन तो खोल पाण्यात मासेमारीला जाणार होता. दादा वहिनीला न्यायचा, अगदी तसंच.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. लाकडी घोड्यांवर इंजिनं ओळीने टांगलेली, खाली सिमेंटवर तेलाचे डाग, मागे पाण्याने भरलेला ड्रम. इंजिन चालवून दाखवायचं ते त्या ड्रमावर. दिराने सगळ्यात मोठ्या, काळ्या इंजिनावर घोड्याच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी थाप मारली.

"हेच घ्यायचं. बटण दाबलं की सुरू. दोरीबिरीचे दिवस गेले, वहिनी."

"आणि बॅटरी बसली तर?"

"झाकण काढायचं, वरच्या चाकाला दोरी गुंडाळायची आणि ओढायची."

"कोण ओढणार?"

"मी. दुसरं कोण?"

"आणि तुम्हीच आडवे झालात तर, भावजी?"

"अहो, जरा चांगलं बोला की!"

"ताई, हे आडवे होतात ते फक्त जेवण झाल्यावर," सोबत आलेली जाऊ म्हणाली.

दुकानदाराने मुकाट्याने झाकण काढलं, दोरी गुंडाळून दिली. जाऊने पाय रोवून ओढली. चाक जेमतेम हललं आणि उलट तिलाच इंजिनाकडे खेचून गेलं.

दीर हसला. "हिच्याने घरातला नळ धड बंद होत नाही."

"त्याचा वायसर बदला म्हणून किती दिवस सांगतेय, ते नाही सांगत कुणाला!"

"मोठं घ्या, नको कोण म्हणतंय?" वहिनी म्हणाली. "पण शेजारी एक छोटं लावा, हिच्या हाताने सुरू होणारं. टाकीसुद्धा वेगळी. एकीत पाणी शिरलं तर दोन्ही बंद पडायला नकोत."

"उगाच वजन वाढवायचं. मी असताना हिच्यावर दोरी ओढायची वेळ येईलच कशाला?"

वहिनीने हे आधी ऐकलं होतं. हेच शब्द, हाच ठेका. दादाच्या तोंडचे.

त्या दिवशी जाळं वर घेऊन झालं होतं, इंजिन बंद होतं. दादा म्हणाला, "जरा बसतो," आणि बसला तो उठलाच नाही. तिने दोरी धरली. ते इंजिन मोठं लहरी. चोक अर्धाच ओढायचा आणि खांद्यापासून हिसका द्यायचा. तो हिसका दादाच्या अंगवळणी पडलेला, तिच्या नाही. ती ओढत राहिली, तळहाताची सालं निघाली. दादा बघत होता. बोलायला दम नव्हता, म्हणून बोटाने हवेत हिसका करून दाखवत होता. असा, असा. मग ते बोट थांबलं.

उशिराने दुसरी होडी आली. तिच्यातल्या गड्याने उडी मारली, दोरी धरली आणि एका हिसक्यात इंजिन सुरू झालं. बंदरावर सगळे म्हणाले, इंजिनात काही दोष नव्हता. मग दोष कशात होता, ते वहिनीने स्वतःच ठरवून टाकलं. तिच्या हातात.

ते इंजिन तिने विकलं नाही. घरामागे ड्रमाला लावलं आणि जमेपर्यंत ओढत राहिली. आता एका हिसक्यात सुरू व्हायचं. थोडा वेळ चालू द्यायची, बंद करायची आणि भांडी घासायला आत जायची.

इकडे शेडमध्ये दुकानदार फडक्याला हात पुसत होता. मग वाकून त्याने फळीखालून एक छोटं इंजिन ओढलं आणि ड्रमाला बसवलं.

"ओढून बघा, बाई."

जाऊने ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली, आणि ड्रमातलं पाणी खळबळलं.

"अगं बाई! झालं की!"

"हे?" दीर म्हणाला. "हे तर खेळणं आहे."

दुकानदाराने इंजिन बंद केलं. "तुझा भाऊपण हेच म्हणाला होता."

दिराचा हात काळ्या इंजिनावरून खाली आला.

"याच ड्रमावर दाखवलं होतं त्याला. म्हटलं, वहिनी सोबत असतात, असलं एक लावून घे. तर म्हणाला, खेळणं कशाला, मी आहे ना." त्याने वहिनीकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "तुम्हाला कधी बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?"

वहिनी ड्रमाजवळ गेली. तिने दोरी धरली, ओढली. वाळत घातलेलं फडकं काढावं तितकी हलकी आली. पहिल्याच ओढीला सुरू.

इतकं हलकं. आणि इथेच होतं, या फळीखाली.

"दोन्ही द्या," दीर खालच्या आवाजात म्हणाला. "टाक्या वेगवेगळ्या."

जाऊने वहिनीच्या दंडाला हात लावला. "ताई, चला घरी."

"तुम्ही व्हा पुढे."

घरी आल्यावर ती पायही न धुता थेट मागच्या अंगणात गेली. चोक अर्धा. खांद्यापासून हिसका. इंजिन धडधडायला लागलं, आणि त्या आवाजात वहिनी भांडायला लागली. लग्न झाल्यापासून कधी भांडली नव्हती इतक्या वरच्या पट्टीत. खेळणं वाटलं काय तुम्हाला? मी आहे ना म्हणे! कुठे आहात? मला एकदा विचारलंत? एकदा तरी दोरी माझ्या हातात देऊन बघितलीत?

"वहिनी, धूर!" शेजारीण खिडकीतून ओरडली. शेजारणीला इंजिनाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

वहिनी बोलतच राहिली. टाकीतलं पेट्रोल संपून इंजिन बंद पडलं, तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यावरच होतं.