ढोलकी आत गेली, वाजवणारा बाहेर राहिला

गेल्या वर्षी दिवाळीपासून मी शंकराशी अबोला धरला होता. लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हापासून सोमवारी जुन्या शिवमंदिरात जायचं कधी चुकवलं नव्हतं. पण महेश जेलमध्ये गेला आणि मी ती वाटच सोडली. महेश माझा एकुलता एक. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कामाला होता. तिथे भांडण झालं, त्याने धक्का दिला आणि समोरचा मुलगा जिन्यावरून पडला. जीव वाचला, पण पाय अधू झाला. केस, वकील, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरा, सगळं मी सोसत होते. सोसवत नव्हतं ते वेगळंच. महेश मला भेटायलाच तयार नव्हता. दर आठवड्याला मी जेलच्या फाटकावर मुलाखतीसाठी नाव द्यायची आणि आतून शिपाई येऊन सांगायचा, "मावशी, तो नको म्हणतोय." लाज वाटते म्हणे. अहो, ज्याचा शेंबूड मी पदराने पुसला, त्याला माझ्यापुढे कसली आली लाज? पण हे ऐकवायचं कोणाला?

नाताळच्या आदल्या दिवशी गेले ती मनाशी ठरवूनच, की आज नाही म्हणाला तर पुन्हा यायचं नाही. फाटकाशी उल्हासनगरच्या एका चर्चची मंडळी उभी होती. चार-पाच बायका, दोन-तीन पुरुष, बरोबर टॉवेल-साबणाच्या पिशव्या आणि एक ढोलकी. कैद्यांसाठी नाताळचा कार्यक्रम होता. तपासणी होऊन एकेक जण आत गेला, शेवटचे गृहस्थ मात्र अडकले. त्यांनी खिशातून आधार कार्ड काढलं, ते निघालं बायकोचं! शिपाई एकदा फोटोकडे बघे, एकदा त्यांच्या मिशांकडे. "काका, नाही हो जमणार," तो हसू दाबत म्हणाला. नेमके तेच ढोलकी वाजवणारे. ढोलकी आत गेली आणि ते येऊन माझ्या बाकावर बसले.

शमुवेल त्यांचं नाव. हातात करंज्यांचा डबा होता. "घरचं खाणं आत चालत नाही म्हणतात. ताई, तुम्ही घ्या," म्हणाले. नाताळला करंज्या करतात हे मला तेव्हा कळलं. आत कोण आहे, त्यांनी विचारलं. मुलगा आहे, पण भेटत नाही, एवढंच मी सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही, फक्त त्याचं नाव विचारून घेतलं. थोड्या वेळाने स्वतःशीच हसले. "सकाळी प्रार्थना करून निघालो होतो, देवा, आज हात चांगला चालू दे. आता काय, टाळ्याच वाजवतो!"

"तुमचा देवही आमच्यासारखाच दिसतोय," मी म्हटलं. "ऐकून घेतो आणि करतो मनाचंच." ते एवढ्या मोठ्याने हसले की शिपायाने वळून पाहिलं.

आत लाउडस्पीकर सुरू झाला. मला वाटलं होतं गिटार-बिटार असेल. पण चाल अगदी आमच्या भजनासारखी, शब्दही मराठी. ढोलकीवाचून गाणं ओकंबोकं वाटत होतं. मध्येच ते थांबलं आणि एका बाईंचा आवाज आला, "बाळांनो, तुमच्यात कुणी वाजवणारं आहे का रे?" मग ढोलकीवर थाप पडली.

"मिळाला कोणीतरी! हात बसलेला आहे हां," शमुवेलभाऊ म्हणाले. माझी अर्धी करंजी हातातच राहिली. आमच्या वस्तीतल्या, बुवापाड्याच्या भजनी मंडळात महेशचे वडील ढोलकी वाजवायचे. महेश त्यांच्यापाशी बसून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर शिकला. पण समेवर येण्याआधी एक ठोका हमखास गाळायचा. "खाल्लास ना ठोका!" म्हणून वडील ओरडायचे. वडील गेले, खोड तशीच राहिली. आणि आत्ता भिंतीपलीकडे समेच्या आधी एक ठोका रिकामा गेला होता. पुढच्या आवर्तनात पुन्हा गेला. मी उठून उभी राहिले. "भाऊ, तो माझा महेश आहे," एवढंच कसंबसं बोलले. शमुवेलभाऊंनी कान देऊन ऐकलं आणि उठून हात जोडले. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

कार्यक्रमानंतर मी नाव दिलं. शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, "चला मावशी, येतोय." काचेपलीकडे महेश बसला होता, वाळून गेलेला. फोन कानाला लावून आम्ही दोघंही नुसतेच रडत होतो. मग तो सांगू लागला. "आई, त्या बाईंनी नाव नाही विचारलं, केस नाही विचारली. ढोलकी पुढे केली आणि 'घे बाळा' म्हणाल्या. वाजवताना सारखी तूच आठवत होतीस गं." थोड्या वेळाने डोळे पुसत त्याने विचारलं, "बाहेर ऐकू आलं तुला?"

"आलं ना. ठोका खाल्लास."

रडता रडता तो हसला. किती दिवसांनी पाहिलं मी ते हसू.

केस अजून चालू आहे. निकाल काय लागेल, ठाऊक नाही. पुढच्या सोमवारी मी मंदिरात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले आणि महेशच्या आधी त्या अधू झालेल्या मुलाचं नाव घेतलं. त्या दिवशी कोणाच्या देवाने कोणाचं ऐकलं, याचा हिशेब मी करत नाही. शमुवेलभाऊंनी हात चालू दे म्हटलं होतं, तो चालला. कोणाचा, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. मीही आता काय हवं तेवढंच मागते, आणि कोणाच्या हातून द्यायचं ते देवावर सोडून घरी येते.